मशीन चालू, माणूस रिकामा

कारखान्यात एखाद्याला काम येत नसेल तर त्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही, काम शिकवता येतं. ‘त्याचं लक्ष नसतं’ असा शेरा पडला की मात्र तो माणूस संपला. सुपरवायझर बदलतो, मालक बदलतो, पण शेरा पुसला जात नाही. नाशिकला सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत मी तीसेक वर्षं काढली. आयटीआय करून टर्नर म्हणून लागलो, मग टूलरूममध्ये गेलो आणि पुढची बरीच वर्षं जिग-फिक्स्चर बनवण्यात गेली. फिक्स्चर म्हणजे मशीनवर जॉब दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच दाबानं धरून ठेवणारं साधन. वस्तू जागच्या हलू न देणं हाच ज्याचा धंदा, त्यानं मन मोकळं सोडण्याची बाजू घ्यावी हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मला आयुष्यात जे चार-सहा बरे उपाय सुचले, त्यातला एकही ड्रॉइंगवर डोळे रोखून बसलो असताना सुचलेला नाही.

आमच्याकडे अधूनमधून टाइम स्टडीवाले यायचे. हातात स्टॉपवॉच, पॅडवर छापील तक्ता. ऑपरेटरच्या मागे उभं राहून ते एकेक हालचाल टिपत: जॉब उचलला, चकात बसवला, आवळला, मशीन सुरू. त्यापुढे एक रकाना असायचा, ‘मशीन चालू, माणूस रिकामा’. टूल कापत असतं, कूलंट वाहत असतं आणि माणूस नुसता उभा असतो. मोठ्या जॉबला हा वेळ दोन-चार मिनिटांचा, कधी त्याहून जास्त. तक्त्याच्या हिशेबानं तो सगळा वाया. मग सुट्टीच्या दिवशी मशीनं काटकोनात सरकवली जातात आणि सोमवारी एका माणसाच्या गळ्यात दोन मशीनं पडतात. इकडे कट चालू असताना तिकडचा जॉब बदलायचा. हिशेब म्हणून यात खोट काढता येत नाही, अशा मांडणीसाठी लागणारी फिक्स्चर मीच बनवून दिली आहेत.

पण त्या रकान्यात माणूस काय करत होता, हे कुणी टिपलं नव्हतं. आमच्या शॉपमध्ये सूचनापेटी होती. बऱ्याच चिठ्ठ्या कँटीनच्या भाजीबद्दल असत, पण काही सोन्यासारख्या. चुरा एका कोपऱ्यात अडकून कूलंटची वाट बंद होते, तिथं तिरका पत्रा लावा. दोन जॉब एकाच बाजूनं येतात तर ट्रॉलीची उंची वाढवा, वाकणं वाचेल. अशा गोष्टी शोधायला कुणी बसत नाही. कट संपायची वाट बघताना नजर कुठंतरी टेकते, मन घरी जाऊन येतं, गावच्या विहिरीवर जाऊन येतं आणि परतताना तो अडकलेला चुरा त्याला वेगळाच दिसतो. ज्या लाइनवर दोन मशीनं एका माणसाकडे आली, तिथल्या चिठ्ठ्या पुढं आटत गेल्या. कामगारांचा उत्साह संपला, असं मीटिंगमध्ये ठरलं. मीही त्या मीटिंगला होतो. उत्साह होता तसाच होता, उभं राहायला मिळत नव्हतं.

एका बुशची गोष्ट जरा खोलात सांगतो. पातळ भिंतीची, बांगडीसारखी रुंद रिंग होती. आतलं बोर लेथवर करायचं होतं. थ्री-जॉ चकात धरायची, बोर करायचं, सोडायची. माप घ्यावं तर व्हर्निअर कुठंही लावा, सगळीकडे सारखंच. तरी प्लग गेज आत जाईना. लेथवाले ओळखतील, हा जुना रोग आहे. चकाचे तीन जॉ पातळ रिंगला तीन ठिकाणी आत दाबतात. त्या दबलेल्या अवस्थेत टूल अगदी गोल बोर करतं. जॉ सैल केले की दबलेल्या जागा बाहेर येतात आणि बोर तिकोनी होतं. हा तिकोन इतका लबाड, की कुठल्याही दोन समोरासमोरच्या जागांमधलं अंतर जवळपास सारखंच भरतं. म्हणून दोन टोकांनी मोजणारा व्हर्निअर फसतो आणि गेज मात्र अडतं.

रोग कळला म्हणजे औषध मिळालं असं नाही. दाब कमी केला तर रिंग कट घेताना फिरायची. जॉ रुंद केले, रिंगच्या मापाला बोर केलेले सॉफ्ट जॉ लावले, फरक पडला, पण पुरेसा नाही. पंधरवडा मी त्या रिंगेसह जगत होतो. जेवताना पोळी तीन बोटांनी धरून कुठं वाकते ते बघायचो. घरी सगळे वैतागले होते.

मग लग्नसराईची खरेदी निघाली. भद्रकालीजवळच्या एका कासाराच्या दुकानात घरातल्या बायका बसल्या आणि मी बाहेर पायरीवर. अशा वेळी पुरुष माणसाला काहीच काम नसतं, पिशव्या सांभाळायच्या. मी रस्त्यावरची गर्दी बघत होतो, एका रिक्षावाल्याचं भांडण ऐकत होतो, पुतणीच्या लग्नात जेवणाच्या ताटाचा काय दर पडेल याचा हिशेब चालला होता. बुश डोक्यातून पूर्ण गेलेलं. समोर काचेपलीकडे बांगड्यांची दांडी होती. पंचवीस-तीस बांगड्या दांडीवर ओळीनं, आणि त्या सांडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना चकत्या घट्ट लावलेल्या. माझी नजर तिच्यावर किती वेळ होती, सांगता येणार नाही. अचानक कळलं, की या बांगड्या घट्ट धरलेल्या आहेत आणि तरी एकीचाही आकार बिघडलेला नाही, कारण त्यांना कुणी बाजूनं आवळलेलं नाही. दाब तोंडावर आहे.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कागदावर फिक्स्चर उतरलं होतं: खाली उथळ खाच, रिंग तिच्यात नुसती बसेल एवढी, आणि वरून रिंगच्या काठावर दाब देणारी प्लेट. बाजूनं काहीच नाही. पहिल्या नगाला बोर आणखी वाईट आलं. रिंगचा खालचा काठच सपाट नव्हता, त्यामुळे वरून दाबली की ती पिळली जायची. मग आधी काठ ग्राइंड करून घेणं, मग खाली तीन टेकू आणि वरचा दाब बरोबर त्या टेकूंच्या डोक्यावर, असं करत करत आठवडा गेला. शेवटी गेज हातानं सोडलं की आपल्या वजनानं खाली उतरू लागलं.

म्हणजे दुकानाच्या पायरीवर मिळालं ते अर्धंच. आधीचा पंधरवडा नसता तर त्या बांगड्या मला बांगड्याच दिसल्या असत्या, आणि नंतरचा आठवडा नसता तर ती कल्पना घरच्यांना सांगण्यापुरती उरली असती. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यानं असाच अनुभव १९०८ च्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. सहलीला निघालेला असताना, कुतांस गावी घोड्याच्या बसच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि त्याच क्षणी अनेक दिवस छळणाऱ्या प्रश्नाची गाठ सुटली. गणित डोक्यात नव्हतंच, गप्पा चालू होत्या. तोच पुढं बजावतो, की आधी आणि नंतर बसून केलेलं काम नसेल तर अशा पायऱ्यांचा उपयोग नाही. ग्रॅहम वॉलस या इंग्रज लेखकानं १९२६ मध्ये याचे चार टप्पे पाडले: तयारी, मुरणं, सुचणं, पडताळणं. मला यातला दुसरा टप्पा महत्त्वाचा वाटतो, कारण पगार देणाऱ्याला तो दिसत नाही.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आमच्या देवळालीतच एक माणूस होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. विद्यापीठात जागा नाही, गणितातली वरची पदवीही नाही. त्यांचा ६१७४ हा आकडा आता जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखला जातो. सगळे एकसारखे नसलेले कुठलेही चार अंक घ्या, उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमानं लावलेली संख्या वजा करा, येईल त्याला पुन्हा तेच. फार तर सात वेळा, आणि ६१७४ येतंच. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. भारतातल्या बऱ्याच गणित्यांना हा पोरखेळ वाटायचा. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं.

मला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. १, १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्यांच्या एका कुळाला त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. डेम्लो हे कुणा गणित्याचं नाव नाही. मुंबईपासून तीसएक मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं ते स्टेशन. तिथं असताना त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून स्टेशनचं नाव संख्यांना. कुठल्याही दुसऱ्या संख्येत तिचे स्वतःचे अंक मिळवून जिच्यापर्यंत पोचता येत नाही, अशा संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटलं. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ येतात, म्हणून २१ स्वयंभू नाही, २० मात्र आहे. या संख्यांना ‘देवळाली संख्या’ असंही म्हणतात. माणसाचं डोकं कुठं कुठं हिंडत होतं त्याचा नकाशाच या नावांत राहून गेला आहे. फलाटावर गाडीची वाट बघणारा मास्तर टाइम स्टडीच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात गेला असता, ते वेगळं सांगायला नको.

पुस्तकं मी निवृत्तीनंतर वाचली, तीही बहुतेक सार्वजनिक वाचनालयातून. मेंदूचे शास्त्रज्ञ सांगतात, की माणूस ठरावीक काम करत नसतो तेव्हाही मेंदू विश्रांती घेत नाही. मार्कस रेचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की मेंदूचे काही भाग उलट तेव्हाच जास्त जागे असतात. २०१२ चा एक प्रयोगही वाचला. मधल्या सुट्टीत सोपं, रटाळ काम दिलेल्यांना, अवघड काम दिलेल्यांपेक्षा किंवा नुसतं बसवलेल्यांपेक्षा जुन्या प्रश्नाची जास्त उत्तरं सुचली. मला आनंद झाला, कारण हेच मी म्हणत होतो. पण पुढं इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा हा फरक दिसला नाही, हेही वाचण्यात आलं. तेव्हा विज्ञानाचा शिक्का माझ्या म्हणण्यावर मारत नाही. मी हातांबद्दल जे पाहिलं तेवढंच सांगतो.

हात साध्या कामात गुंतले की मनाला मोकळीक मिळते. आयटीआयमध्ये पहिले कित्येक महिने लोखंडाचा ठोकळा कानशीनं सपाट करायला लावतात. दिवसभर घासायचं, गुण्या लावायचा, फटीतून उजेड येतो का बघायचा, परत घासायचं. तेव्हा मुलं या कामाला शिव्या देतात. पुढं टूलरूममध्ये मी पाहिलं, की चांगले मिस्त्री अडले की मुद्दाम बर काढायचं काम ओढून घेतात. बर काढणं म्हणजे कापलेल्या कडेवरची धार कानशीनं साफ करणं. हे काम हेल्परचं. मिस्त्री तासभर ते करत बसला की नवा सुपरवायझर चिडतो, जुना समजून घेतो आणि त्याच्याजवळ कुणाला जाऊ देत नाही.

हेच मी दिंडोरीला आमच्या नात्यातल्या द्राक्षबागेत पाहिलं. ऑक्टोबर छाटणीनंतर घड लागले की विरळणी असते. बायका छोट्या कात्र्या घेऊन मांडवाखाली हात वर करून उभ्या राहतात आणि घडातले दाटीचे मणी काढतात, राहिलेले फुगायला जागा व्हावी म्हणून. मान दुखते, खांदे भरून येतात, काम दिवसभर तेच. मी एका मावशींना विचारलं, “कंटाळा नाही येत?”

“हात हिथं चालतात ना भाऊ,” त्या म्हणाल्या, “मी तव्हर माहेरी जाऊन येते.”

माहेरी जाऊन येताना त्यांनी बागेचा एक हिशेबही आणला होता. ओळीची कुठली बाजू सकाळी आणि कुठली दुपारनंतर घ्यायची, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही आणि घड नीट दिसतो, हे त्या टोळीत त्यांनीच बसवलं होतं. मालकाला ते माहीत नव्हतं. मजुरी त्यांना इतरांएवढीच.

पण मोकळं सोडलेलं मन कुठंही चालतं असं मी म्हणणार नाही. प्रेसशॉपमध्ये चालत नाही. पॉवर प्रेसचा रॅम खाली येतो तेव्हा बोटं डायमध्ये असतील तर पुढं बोलण्यासारखं काही राहत नाही. मी एका ठिकाणी असताना तसा अपघात झाला. मुलगा तरुण होता, घरी बहिणीचं लग्न ठरत होतं, रात्रपाळी होती. दोन बोटांची पेरं गेली. चौकशीच्या कागदावर कारण आलं, ‘ऑपरेटरचं लक्ष विचलित’. वाक्य खोटं नव्हतं. पण त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हात एकाच वेळी बटणांवर असल्याशिवाय रॅम उतरू नये अशी सोय. त्यातलं एक बटण कुणीतरी पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं होतं, कारण एका हातानं काम जास्त निघतं. हे सगळ्यांना माहीत होतं. पट्टी कागदावर आली नाही, बहिणीचं लग्न आलं.

त्या दिवसापासून मी फिक्स्चर करताना एक धरून चाललो: समोर उभा असलेला माणूस मधूनमधून इथं नसणार. तो चांगला असला तरी नसणार. जपानचे शिगेओ शिंगो हे कारखान्यांना सल्ला देत फिरणारे इंजिनिअर. १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात त्यांना एक तक्रार दाखवली गेली. एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या, आणि कामगार कधीकधी एक विसरायचे. तोवरचा उपाय म्हणजे ओरडणं, लक्ष द्या. शिंगोंनी एक बशी ठेवली. आधी दोन स्प्रिंगा बशीत काढायच्या, मग बसवायच्या. स्विच पुरा झाला आणि बशीत स्प्रिंग उरली, तर चूक तिथंच दिसते. माणसाचं मन त्यांनी बदलायला घेतलं नाही, बशी ठेवली. मी पुढं किती फिक्स्चरमध्ये एक जास्तीची पिन टाकली, की जॉब उलटा बसवला तर बसूच नये, त्याला गणती नाही. ज्या मशीनवर अशी पिन असते तिथला माणूस खुशाल माहेरी जाऊन येऊ शकतो.

टाकळीला, याच नाशकात, रामदासांनी बारा वर्षं नंदिनी नदीच्या पाण्यात उभं राहून मनाला वळण लावलं, असं परंपरा सांगते. ती नंदिनी म्हणजे आमची नासर्डी. तिच्या काठानं मी वर्षानुवर्षं कामावर गेलो. आता तिच्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, तो भाग वेगळा. मन आवरायला सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं प्रेसशॉपमध्ये मला शंभर टक्के पटतं.

भटकणाऱ्या मनाचा आणखी एक धोका मी अंगावर घेतला आहे. एका वर्षी ऑर्डरी घटल्या, कामाचे दिवस कमी झाले आणि ले-ऑफची कुजबूज सुरू झाली. तिसऱ्या पाळीत, पहाटे तीनच्या सुमाराला मशीनं निम्मी बंद असताना मन मोकळं सुटायचं आणि थेट एकाच जागी जाऊन बसायचं: घराचे हप्ते, मुलांची फी, हातात दुसरं काय येतं. रात्रीमागून रात्री तेच, तेवढंच. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोघांनी लोकांना फोनवरून वेळीअवेळी विचारून पाहिलं, की आत्ता मन कामात आहे की दुसरीकडे. जवळपास निम्म्या वेळा ते दुसरीकडे होतं आणि तशा वेळी माणसं कमी सुखी होती. त्या पाळीतला मी त्यांच्या निम्म्यात नक्कीच बसतो. पण त्याला भटकणं म्हणायला माझी जीभ वळत नाही. भटकणाऱ्याला वाटा बदलता येतात.

तेव्हा कामी आले कापरेकर. रस्त्यानं येता-जाता, मुंबई नाक्याला किंवा द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो, की पुढच्या गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार अंक घ्यायचे आणि ६१७४ पर्यंत पोचायचं. १९७४ असेल तर ९७४१ वजा १४७९, आले ८२६२. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि पाचव्या वजाबाकीला ६१७४. सिग्नल सुटायच्या आत झालं तर आपण जिंकलो. हप्त्यांचं ओझं यानं कमी होत नाही, पण मन त्या एका खड्ड्यातून बाहेर निघतं आणि एकदा निघालं की स्वतःच कुठंतरी जातं.

सुट्टीच्या दिवशी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचो. अंबडमधल्या अर्ध्या लोकांचा तो दवाखाना आहे. तिथल्या एका लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. भिक्षूंच्या खर्चासाठी त्यानं गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली होती: एका श्रेणीकडे २००० कार्षापण, महिना शेकडा एक व्याजानं, आणि दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना दर वर्षी कापडासाठी बारा-बारा कार्षापण. पायऱ्या उतरताना सहज हिशेब केला, २००० वर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. त्या काळी कामगारांच्या संघटनेकडे लोक विश्वासानं पैसे ठेवत, आणि आमच्या कारखान्यात पतपेढीच्या निवडणुकीत मारामाऱ्या होत, हा विचार करून मला इतकं हसू आलं, की मागून येणारे काका थांबून बघायला लागले. त्या दिवशी ले-ऑफची आठवण थेट दुपारच्या जेवणाला आली.

शिकाऊ मुलं हाताखाली आली तेव्हा मी एक रीत पाडली होती. नवं काम असेल तर ड्रॉइंग सकाळी द्यायचं नाही. दुपारी जेवणानंतर द्यायचं, सगळी मापं, टॉलरन्स, कुठला पृष्ठभाग कशाच्या संदर्भात, हे तोंडी वदवून घ्यायचं. मग ड्रॉइंग काढून घ्यायचं आणि शिफ्ट संपेपर्यंत बर काढायला बसवायचं. उपाय त्या दिवशी विचारायचा नाही. दुसऱ्या दिवशी येऊन ती सांगायची, काही बावळट, काही चांगलं, एखादं असं, की मला सुचलं नसतं. ज्या मुलानं ड्रॉइंग नीट वाचलेलं नसायचं, त्याला रात्रभरात काहीच सुचायचं नाही. हा नियम मोडलेला मी पाहिला नाही.

अलीकडे ही रीत चालत नाही. बर काढतानाही कानात काहीतरी घातलेलं असतं, टपरीवर चहा येईपर्यंत अंगठा चालू असतो. मी यावरून पोरांना बोलत नाही, माझ्याही खिशात तोच फोन आहे आणि मीही तो काढतो. फक्त फोन बघणाऱ्याचं मन भटकतं असं कुणी म्हणू नये. त्याला कुणीतरी हात धरून हिंडवत असतं, दर अर्ध्या मिनिटाला नव्या दुकानात. प्रश्न मुरायला जी थोडी रिकामी जागा लागते, ती त्या हिंडण्यात सापडत नाही.

सध्या मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस सल्ल्यासाठी जातो. मालक तरुण आहेत, हुशार आहेत, वडिलांचा धंदा त्यांनी वाढवला आहे. नवी सीएनसी मशीनं आणली, सायकल टाइम मोठा, आणि ऑपरेटर मधल्या वेळात उभे असतात हे त्यांना बघवत नाही. दोन मशीनं एका माणसाकडे द्यायची मांडणी त्यांनी मला काढायला सांगितली. मी काढून दिली. शिवाय सांगितलं, की दहापैकी दोन मशीनं तरी एकेका माणसाकडे राहू द्या, आणि त्यांच्याजवळ खिडकीखाली एक बाक ठेवा. नवं काम आलं की त्यातलं अवघड काम त्या दोघांकडे द्या.

“बसायला पगार द्यायचा का मिस्त्री?” त्यांनी विचारलं.

“उभं राहायला आत्ताही देताच की.”

ते हसले. बाक ठेवायला तयार झाले, पण अट घातली: बाकावर बसणाऱ्यानं मोबाइल ऑफिसात जमा करायचा. मी म्हटलं, मग तुम्हीही मीटिंगला येताना करा. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. बाक मात्र आला आहे.